दोन लाख शहाण्णव हजारांचे ब्रेक

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. शैलाला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभा असतो तेव्हासुद्धा मी दुसऱ्याच गोष्टी बोलत असतो. नऊ वर्षं झाली. आणि या नऊ वर्षांत माझं काही वाईट झालं म्हणावं, तर तेही नाही. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझी कीव करणार नाही. मी सुखी माणूस आहे. सदर बाजारातलं माझं दुकान — दवाखान्यांना लागणारं सामान, हातमोजे, सलाइनच्या नळ्या, व्हीलचेअर — बरं चाललंय. मुलगी चांगल्या घरी पडली. थंडीत सकाळी अंगणात ऊन येतं, शैला मटार सोलायला बसते, मी पेपर वाचता वाचता तिच्या ताटातले दाणे खातो आणि ती माझ्या हातावर चापट मारते. झोप लागते. जेवण जातं. ज्याने एका माणसाचं नाव खराब केलं, त्याला झोप लागू नये असं आपण समजतो ना? लागते.

हे मी मराठीत लिहितोय. हिंदीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा हिंदीतली, धंदा हिंदीतला. झाशीतल्या आमच्या मराठी घरांची तीच गत आहे. अडीचशे वर्षांपूर्वी आलेले लोक, मराठी आता फक्त स्वयंपाकघरात आणि सणावाराला. पण गुन्हा मी मराठीत केला होता. तेव्हा कबूल करायचा तो मराठीतच केला पाहिजे.

गाडीपासून सुरू करावं लागेल. मला सगळ्याची लाज वाटते, पण गाडीची जरा कमी वाटते.

ती जर्मन होती. नवी असताना पंचाऐंशी लाखांची. दिल्लीत अशा गाड्या काही वर्षं वापरून लोक टाकून देतात, आणि मग त्या नऊ लाखांना मिळतात. मी नऊ लाखांना घेतली. काळी, रुंद, बसल्यावर जमिनीला पाठ टेकल्यासारखी, आणि पाय जरा दाबला की मान मागे जायची. माझ्या दुकानाला त्या गाडीची काय गरज होती? काहीच नाही. पण ज्या डॉक्टरांना मी माल देत होतो, त्यांच्या आवारात माझी स्कूटर लावताना मला कडेची जागा शोधावी लागायची — अशा बारीकसारीक गोष्टी माणसाच्या मनात साठतात.

शैलाचा भाऊ अविनाश पुण्याहून ग्वाल्हेरला एका मुंजीला आला होता. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "भाऊजी, घेतलीत ती छान. पण हिला पोसणं जमेल ना?" चारचौघांत. मी हसलो. म्हणालो, "अरे, जर्मन आहे. दहा वर्षं हात लावायला नको." शैला तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या क्षणी ते खरंच वाटलं.

ही गाडी चालवायचा रामसनेही.

रामसनेहीबद्दल काय सांगू? अकरा वर्षं आमच्याकडे होता. आधी दुकानाची व्हॅन चालवायचा, मग ही. उंच, हडकुळा, मिशा कातरलेल्या, खिशात कायम बडीशेप. घराच्या मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असायची. मुलीला परीक्षेला तोच न्यायचा, आईला देवळात तोच. आई शेवटची तीन वर्षं थकली होती. तिला हिंदी येत होतं, पण बोलायची नाही. ती त्याच्याशी मराठीतच बोलायची — "रामसनेही, जरा सावलीत लाव रे गाडी, माझं डोकं उठतं" — आणि तो "हाँ, माताजी" म्हणून गाडी सावलीत लावायचा. आम्हा सगळ्यांना याचं कौतुक वाटायचं. आता विचार करा, हे रोज डोळ्यांपुढे घडत असताना, त्याला मराठी समजतं हे माझ्या डोक्यात एकदाही कसं आलं नाही?

कारण मराठी आमची आडोशाची भाषा. इथे वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. साडीच्या दुकानात शैला पदर हातात धरून, चेहऱ्यावर हसू आणून, अगदी कौतुकाच्या सुरात म्हणते, "चोर आहे हा, उठा आता." दुकानदाराला वाटतं, साडी आवडली. ही आमची घरोघरची कला आहे. शब्द कडू असला की सूर गोड ठेवायचा. मी ती माझ्या वडिलांकडून शिकलो, आणि मला ती फार छान येते.

गाडी घेऊन वर्ष झालं असेल. रामसनेही एक दिवस म्हणाला, "भैयाजी, ब्रेक मारो तो पैडल काँपता है." मी म्हटलं, पाहू. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाला. मग समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला, आणि तो मला हाताला धरून इरफान मिस्त्रीकडे घेऊन गेला. इरफानने चाक काढलं. आत परातीएवढी लोखंडी चकती. तिच्या कडेला बोट फिरवायला लावलं — नख अडकलं. मधला भाग झिजून खाली गेला होता, त्यावर केसासारख्या भेगा.

"चारों बदलेंगी," इरफान म्हणाला. "और पैड भी."

मी विचारलं, स्वस्तातलं काही बसत नाही का? बसवणारे असतातच ना कोणीतरी.

"बैठ तो सब जाता है, भाई साहब. फिर चलाइएगा आप. मैं नहीं बैठूँगा." मग त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "देखिए, इस गाड़ी को भगाने का पैसा कंपनी पहले मालिक से ले चुकी. रोकने का आपसे लेगी."

दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नऊ लाखांची गाडी, आणि तिला नुसतं थांबवायचे पावणेतीन लाख? पण गाडी नऊ लाखांची नव्हतीच. पंचाऐंशीचीच होती. मी स्वस्तात घेतली म्हणून तिचे ब्रेक काही स्वस्त होणार नव्हते. हे साधं गणित दुकानदाराला कळू नये?

पैसे नव्हते. म्हणजे अगदीच नव्हते असं नाही, पण होते ते मुलीच्या नावावर ठेवलेले, आणि ते मोडायचे तर शैलाची सही लागत होती. सहीसाठी कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं की अविनाशचं वाक्य समोर येऊन उभं राहिलं असतं.

दोन दिवसांनी रामसनेही इरफानचा कागद घेऊन घरी आला. प्रत्येक सुट्या भागाची किंमत लिहिलेली. ओसरीत तो उभा, मी खुर्चीवर, आणि नेमकी शैला चहा घेऊन बाहेर आली. तिने कागद उचलला.

"अहो, एवढे? ब्रेकचे?"

आता इथे — इथे मी थांबू शकलो असतो. "हो, एवढेच लागतात, आणि माझ्याकडे नाहीत." दोन वाक्यं. त्याने मी मेलो असतो का?

मी चहाचा कप घेतला. हसलो. आणि अगदी प्रेमाने, रामसनेहीकडे पाहत, जणू त्याचीच तारीफ करतोय अशा सुरात शैलाला म्हणालो, "निम्मे ह्याचे आणि मिस्त्रीचे आहेत. दोघांनी ठरवलंय. अकरा वर्षांनी हात मारला. तू काही बोलू नकोस, मी बघतो."

शैलाचा चेहरा उतरला. तिला ती कला माझ्याइतकी जमत नाही. रामसनेही आमच्या दोघांकडे बघत होता. त्याने बडीशेपेची पुडी खिशातून काढली, उघडली नाही, परत ठेवली. मग म्हणाला, "तो भैयाजी, क्या कहूँ इरफान से?"

"अभी रुकने दो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी शैलाने मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडून मागून घेतली. कुलूप बदलायचंय म्हणाली. त्याने जानव्याला बांधलेली किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

त्यानंतर चार महिने त्याने ती गाडी तशीच चालवली. तेव्हा मला वाटायचं, बघा, चालतेय की! बरं झालं पैसे घातले नाहीत. तो पुढच्या गाडीपासून खूप लांब राहायचा. सिग्नल दिसला की दूरवरूनच पाय काढून घ्यायचा, गिअर उतरवत आणायचा, आणि गाडी आपोआप विरत जाऊन रेषेवर उभी राहायची. एकदा मी वैतागून म्हणालोसुद्धा, "बैलगाड़ी बना दी तुमने इसको." तो म्हणाला, "बहूजी बैठी हैं न पीछे." एवढंच.

चार महिन्यांनी त्याने सांगितलं, आता जातो. कारण विचारलं तर म्हणाला, गाँव में काम है. मी पगार दिला, वर काही दिलं. वरचं त्याने खुर्चीवर ठेवलं. शैला दारात आली. अकरा वर्षं त्याने तिला बहूजी म्हटलं होतं. त्या दिवशी त्याने हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "वहिनी, येतो."

जातो नाही, येतो. आमच्या घरात कोणी जाताना जातो म्हणत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शैला आत येऊन म्हणाली, "बघा, जाता जाता मराठी बोलला. आईंनी शिकवलं असेल." मी खुर्चीत बसून होतो. माझे कान तापले होते. शैला नुसतं वाक्य ऐकून आत आली. मला मात्र त्या दोन शब्दांतून ओसरीतला तो सगळा चहाचा प्रसंग ऐकू आला. माझ्या हसण्यासकट.

ह्यावर तुम्ही म्हणाल, झालं, हाच गुन्हा. नाही. हा तर घाबरटपणा होता, एका घोटात झालेला. इथवर मला कदाचित कोणी समजून घेईल. पुढचं ऐका.

पंधरा दिवसांनी एका खाजगी शाळेचे व्यवस्थापक दुकानात आले. रामसनेहीने तिथे गाड्यांची देखरेख करायच्या कामासाठी अर्ज केला होता. म्हणजे गाँव में काम नव्हतं.

"आदमी कैसा है?" त्यांनी विचारलं.

"गाड़ी अच्छी चलाता है."

"वो तो ठीक है. डीज़ल, मरम्मत, सब उसी के हाथ में रहेगा. हिसाब का कैसा है?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. "गाड़ी बहुत अच्छी चलाता है," मी म्हणालो.

ते समजले. दुकानात बसणारे आम्ही सगळे हे समजतो. मी खोटं बोललो नाही ना? एक शब्दही नाही.

मग महिनाभर गाडी मी चालवली. एका रविवारी शैलाला घेऊन बरुआसागरला निघालो होतो, तलावाकाठी बसू, ताजी भाजी आणू म्हणून. पुढे बस होती. ती अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि ती एवढी थोरली गाडी — थांबेना. मी रस्त्याच्या उजव्या कडेला उतरवली. बाभळीच्या झुडपात जाऊन उभी राहिली. बसच्या मागच्या शिडीत आणि शैलाच्या खिडकीत वीतभर अंतर होतं. शैलाला काही झालं नाही. ती म्हणाली, "रामसनेही असता तर." आणि मग ओठ मिटून घेतले, कारण तिच्या लेखी तो आता चोर होता.

चार महिने तो काय करत होता ते मला त्या झुडपात कळलं. त्याला चोर म्हणणाऱ्यांना तो रोज सांभाळून घरी आणत होता.

दुसऱ्या दिवशी मी धंद्याच्या खात्यातून पैसे काढले आणि गाडी इरफानकडे दिली. दिल्लीहून माल आला. बिल दोन लाख शहाण्णव हजार. मधल्या महिन्यांत आणखी थोडं खराब झालं होतं, ते अठरा हजार. बाकी रामसनेहीच्या कागदावर होते तेच आकडे, ओळीने. इरफानने बिलाबरोबर दिल्लीवाल्याची मूळ पावतीही दिली. "रख लीजिए," म्हणाला. "काम आएगी." तो डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. रामसनेही त्याच्याच मोहल्ल्यात राहत होता.

मी घरी आलो. दोन्ही कागद शर्टाच्या खिशात. शैला अंगणात वाळवण उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मला सारखं वाटतंय, आपण चुकलो. तो माणूस तसा नव्हता हो. बोलवू या का परत? मी स्वतः जाते त्याच्या घरी."

असा क्षण किती जणांच्या वाट्याला येतो? मी काही शोधायला नको होतं, काही धाडस करायला नको होतं. खिशात हात घालायचा आणि कागद तिच्या हातात द्यायचा. तिनेच दार उघडलं होतं.

मी म्हणालो, "झाले ब्रेक. मी स्वतः दिल्लीशी बोललो, मधल्या दोघांना बाजूला ठेवून. एक लाख चाळीस हजारांत झालं."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "म्हणजे निम्मं?"

"निम्मं."

ती पायरीवर बसली. म्हणाली, "बरं झालं, आई गेल्या. त्यांना हे सोसलं नसतं."

आणि मी — मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची समजूत घातली. माणसं बदलतात, असं काहीतरी बोललो. कागद दुसऱ्या दिवशी दुकानात फाडले.

हाच तो गुन्हा. पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. हे दुसरं मी शांतपणे, सगळं कळून, तिने विचारलं असताना बोललो. आकडासुद्धा विचार करून निवडला. निम्म्यापेक्षा जरा जास्त, म्हणजे पटेल असा.

गाडी पुढे दीड वर्षाने विकली. नुकसानीत, पण विकल्यावर हलकं वाटलं. आता एक छोटी मारुती आहे, तिचे ब्रेक मला परवडतात. शैलाने मात्र रामसनेहीची गोष्ट सोडली नाही. तिच्या मनात राग नाही, दुःख आहे. नवीन कामवाली ठेवताना, मुलीला संसाराच्या गोष्टी सांगताना ती म्हणते, "अकरा वर्षांचा माणूस होता गं, तरी." मुलगी म्हणते, "रामसनेही काका? मला नाही खरं वाटत." आणि दोघी माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. मग आम्ही जेवायला बसतो, आणि खरं सांगतो, जेवण मला गोड लागतं.

शैला हे वाचेल. छापून आलेलं सगळं ती माझ्या आधी वाचते. तिला समोर बसवून सांगावं, एवढं मला नऊ वर्षांत जमलं नाही, तेव्हा हेही त्याच माणसाचं काम समजा.

मागच्या थंडीत मी वसुलीसाठी जवळच्या मोठ गावी गेलो होतो. गल्लामंडीच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, फाटकासमोर चहाच्या टपरीवर उभा होतो, तर पाठीमागून आवाज आला, "भैयाजी?" रामसनेही. मिशा पांढऱ्या, अंग जरा भरलेलं. त्याची स्वतःची मालगाडी होती, छोटी, पिवळी. त्यात मटारच्या गोण्या भरल्या होत्या. बरं चाललं होतं त्याचं. त्याने बाकड्यावर जागा पुसून मला बसवलं. बहूजी कशा आहेत, बिटिया कुठे असते, सगळं विचारलं. मराठीत एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "उस गाड़ी के ब्रेक डलवा लिए थे न, भैयाजी?"

"हाँ, हाँ."

"कितने के पड़े?"

खरा आकडा इरफानला ठाऊक होता आणि त्याला ठाऊक होता. जगात तेवढ्या दोघांपुढे तरी खोटं बोलायची मला गरज नव्हती. तिथे शैला नव्हती, अविनाश नव्हता. मंडीतला गोंधळ होता आणि आम्ही दोघं होतो. मी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तेच बाहेर आलं.

"एक चालीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही; चहाचा एक घोट घेण्याइतका. मग म्हणाला, "चलो, अच्छा हुआ. सस्ते में निपट गए."

आणि उठून त्याने दोन्ही चहांचे पैसे दिले. मी दिले नाहीत.